इंग्लंडचा कायदा घडतो कसा

ब्रिटनमध्ये सगळीकडे एकच कायदा चालतो, असा आपला सर्रास समज असतो. प्रत्यक्षात तिथे तीन न्यायव्यवस्था आहेत : इंग्लंड आणि वेल्सची मिळून एक, स्कॉटलंडची वेगळी आणि उत्तर आयर्लंडचीही वेगळी. इथे पाहायची आहे ती पहिली. मुंबईचे उच्च न्यायालय १८६२ मध्ये सुरू झाले ते तिच्याच धर्तीवर.

निवाड्यांतून आलेला कायदा

इंग्लंडची राज्यघटना एका ग्रंथात लिहिलेली नाही, आणि कायद्याचा मोठा भागही कोणी एकहाती बसून लिहिलेला नाही. बाराव्या शतकात राजा दुसरा हेन्री याने आपले न्यायाधीश देशभर फिरतीवर पाठवले. तोवर ज्या त्या मुलखाची रूढी वेगळी होती. हे न्यायाधीश एकमेकांचे निवाडे विचारात घेऊ लागले आणि हळूहळू साऱ्या राज्याला सामाईक असा कायदा आकाराला आला. तोच कॉमन लॉ. खुनासारखा गुन्हासुद्धा तिथे आजही कॉमन लॉनेच गुन्हा आहे. खुनाची व्याख्या करणारा संसदेचा कायदा नाही.

वरच्या न्यायालयाने एखादा मुद्दा निकाली काढला की खालच्या न्यायालयांना तो निर्णय बंधनकारक असतो. ही बांधिलकी नसती, तर तोच प्रश्न दर न्यायाधीशागणिक नव्याने सुटला असता.

वुलमिंग्टनचा खटला

डिसेंबर १९३४. डॉर्सेट परगण्यातला रेजिनाल्ड वुलमिंग्टन हा एकवीस वर्षांचा शेतमजूर. बायको व्हायोलेट त्याला सोडून आईकडे राहायला गेली होती. त्याने मालकाची बंदूक चोरली, तिची नळी कापून आखूड केली आणि सासुरवाडी गाठली. तिथे गोळी सुटली आणि व्हायोलेट मेली. ‘परत आली नाहीस तर मी जीव देईन, एवढेच तिला सांगायचे होते, बंदूक चुकून उडाली,’ असे त्याचे म्हणणे.

न्यायाधीशाने ज्युरीला सांगितले की, मृत्यू आरोपीच्या हातून झाला हे सिद्ध झाल्यावर तो खूनच धरायचा. अपघात होता हे आरोपीने पटवून द्यायचे. ज्युरीने दोषी ठरवले, फाशीची शिक्षा झाली, पहिले अपीलही फेटाळले गेले. १९३५ मध्ये तेव्हाचे सर्वोच्च न्यायालय असलेल्या हाउस ऑफ लॉर्ड्सने मात्र ती शिक्षा रद्द केली. गुन्हा शाबीत करण्याचे ओझे सरकार पक्षावरच असते आणि पुराव्याअंती वाजवी शंका उरली तर आरोपी सुटलाच पाहिजे, असे लॉर्ड सँकी यांनी बजावले. एका शेतमजुराच्या अपिलातून निघालेले हे तत्त्व पुढे आपल्या न्यायालयांनीही वारंवार उद्धृत केले.

न्यायालयांची उतरंड

फौजदारी प्रकरण सुरू होते मॅजिस्ट्रेट कोर्टात, आणि बहुसंख्य प्रकरणे तिथेच संपतात. गंमत म्हणजे इथे बसणारे बहुतेक मॅजिस्ट्रेट कायद्याचे पदवीधर नसतात, पगारही घेत नाहीत. कायद्याचा जाणकार सल्लागार सोबतीला असतो. गंभीर गुन्हे क्राउन कोर्टात जातात. दिवाणी दावे काउंटी कोर्टात किंवा हायकोर्टात. त्यांच्यावर कोर्ट ऑफ अपील, आणि सर्वांत वर सुप्रीम कोर्ट.

बारा माणसे

क्राउन कोर्टात आरोपीने गुन्हा नाकारला, तर निर्णय देतात मतदारयादीतून चिठ्ठ्या टाकल्यासारखे निवडलेले बारा नागरिक, म्हणजेच ज्युरी. या व्यवस्थेचा प्राण मला इथेच दिसतो. १६७० मध्ये लंडनच्या रस्त्यावर प्रवचन दिल्याबद्दल विल्यम पेन आणि विल्यम मीड यांच्यावर खटला भरला गेला. ज्युरी दोषी म्हणेना, तेव्हा तिला अन्नपाण्याविना कोंडून ठेवले. तरीही ती बधली नाही. मग दंड ठोठावला गेला. ज्युरीतल्या एडवर्ड बुशेलने तो भरायचे नाकारले आणि तुरुंगातून दाद मागितली. निकालासाठी ज्युरीला शिक्षा करता येत नाही, असा निवाडा मुख्य न्यायमूर्ती व्हॉन यांनी दिला. लंडनच्या ओल्ड बेली न्यायालयात त्या ज्युरीच्या नावाची पाटी आजही आहे.

आपल्याकडे १९०८ मध्ये लोकमान्य टिळकांना दोषी ठरवणारी ज्युरी नऊ जणांची होती, आणि सात विरुद्ध दोन असे तिचे मत पडले. ज्युरीची ही पद्धत पुढे भारतातून गेली, इंग्लंडने टिकवली.

सॉलिसिटर आणि बॅरिस्टर

पक्षकार आधी सॉलिसिटरकडे जातो. वरच्या न्यायालयांत उभे राहून युक्तिवाद करण्याचे काम मुख्यतः बॅरिस्टरचे. बॅरिस्टर होण्यासाठी लंडनच्या चार ‘इन’पैकी, म्हणजे बॅरिस्टरांच्या संस्थांपैकी, एकीचे सदस्य व्हावे लागते. डॉ. आंबेडकर ग्रेज इनचे, गांधीजी इनर टेंपलचे. नाशिकमध्ये जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजींनी १८९२ मध्येच ऑक्सफर्डला कायद्याची परीक्षा दिली होती, पण स्त्रियांना ही दारे उघडणारा कायदा यायला १९१९ साल उजाडले. त्या बॅरिस्टर झाल्या १९२३ मध्ये. एवढ्या हुशार बाईची तीस वर्षे या नियमाने खाल्ली.

शेवटचा शब्द कुणाचा?

संसदेचा. आपले सर्वोच्च न्यायालय घटनाबाह्य कायदा रद्द करते. लंडनच्या सुप्रीम कोर्टाला संसदेचा कायदा रद्द करता येत नाही. १९९८ च्या मानवी हक्क कायद्याखाली फार तर विसंगती जाहीर करता येते, बदल करायचा की नाही ते संसद ठरवते. सरकारची गोष्ट मात्र वेगळी. सप्टेंबर २०१९ मध्ये पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांनी संसदेचे अधिवेशन पाच आठवड्यांसाठी स्थगित करवले. ही स्थगिती बेकायदा असल्याचे सुप्रीम कोर्टाच्या अकरा न्यायमूर्तींनी २४ तारखेला एकमताने जाहीर केले, आणि दुसऱ्याच दिवशी संसद पुन्हा भरली.