बेटांवरील दोन कवडे

श्रोतेहो, पेडणे-डिचोलीच्या रानातून जाताना पायवाटेवरून एखादा हिरव्या पंखांचा पाचू-कवडा भुर्रकन उडतो. त्याच्याप्रमाणेच जमिनीवर दाणे वेचणारे दोन भाऊबंद दूरच्या बेटांवर नामशेष होऊ पाहत आहेत.

पहिला ग्रेनाडा कवडा. वेस्ट इंडीजमधील ग्रेनाडाचा हा राष्ट्रीय पक्षी किनाऱ्यालगतच्या कोरड्या झुडपी रानात राहतो. दुसरा पॅसिफिक महासागरातील तुआमोतू प्रवाळबेटांवरील तुतुरुरू. त्याची संख्या दोनशेच्या आतच मानली जाते.

दोघांचेही वैरी बाहेरून आलेले. तुतुरुरूच्या बेटांवर माणसाबरोबर उंदीर आणि मांजरे पोहोचली. ग्रेनाडात पोहोचला मुंगूस, आणि तो तर आपल्याच देशचा! उसाच्या मळ्यांतील उंदीर मारावेत म्हणून १८७२ साली कलकत्त्याहून नऊ मुंगूस जमैकास नेले गेले. पुढे इतर बेटांवरही ते पसरले. आपला पाचू-कवडा मुंगसाच्या शेजारीच वाढला, म्हणून सावध झाला. बेटावरच्या कवड्यास तो धडा मिळालाच नव्हता.

उपाय मात्र निराळे. तुआमोतूच्या काही निर्जन बेटांवरून २०१५ साली उंदरांचे निर्मूलन हाती घेण्यात आले. ग्रेनाडा वस्तीचे बेट. तेथून मुंगूस समूळ घालविणे जवळजवळ अशक्य. उरलेले रान राखणे, हाच तेथील मुख्य आधार. २००४ च्या इव्हान वादळाने तेही झोडपले आणि बांधकामांचे संकट कायम आहे.

श्रोतेहो, बेट केवळ समुद्रातच असते असे नाही. खाणींनी, रस्त्यांनी रान तुटत गेले, तर आपल्या डोंगरांवरही बेटेच उरतील.