मराठी कागदांतील इंग्रजी शब्द व नांवें : कालनिर्णयाचें एक साधन

जुन्या कागदाचा काळ ठरवितांना संशोधक प्रथम मिती पाहतो. मिती नसेल तर शिक्का, कागदाचा पोत, अक्षराचें वळण व मजकुरांतील व्यक्ति यांजकडे वळतो. पेशवाईंतील पुष्कळ पत्रांवर नुसता चंद्र असतो, सन नसतो. त्यामुळें अशा पत्राचें साल इतर पुराव्यावरूनच बसवावें लागतें. या साधनांत आणखी एकाची भर घालावी, असा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे. तें साधन म्हणजे कागदांत आलेल्या इंग्रजी शब्दांचें व नांवांचें रूप. इंग्रजी भाषेंत लिहिणें एक व बोलणें दुसरें, ही तिची खोड प्रसिद्धच आहे. ती खोड आणि इंग्रजी बोलणाऱ्या निरनिराळ्या प्रांतांतील उच्चारभेद हीं दोन्ही मराठी लेखणींत उमटलीं आहेत. तो ठसा वाचतां आला तर शब्द कोणाच्या तोंडून व कोणत्या वाटेनें आला, याचें अनुमान करितां येतें. मात्र त्या अनुमानाची मर्यादा न ओळखल्यास खरा कागद खोटा ठरण्याचें भय आहे. म्हणून मर्यादेचाही विचार येथें केला आहे.

नाशिकच्या संग्राहकांस हा प्रश्न विशेष लागू पडतो. शहराच्या पश्चिमेस गोदातीरीं आनंदवल्ली येथें रघुनाथरावांचा वाडा होता, व १७७५ सालीं सुरतेस इंग्रजांशीं तह करणारे तेच. १८१८ त त्र्यंबकचा किल्ला व भोंवतालचा प्रांत इंग्रजांकडे गेला. १८५२ च्या अकराव्या कायद्यानें इनामांच्या चौकशीस बळ मिळालें, तेव्हां जुन्या सनदा पुन्हां बाहेर निघाल्या, त्यांच्या नकला झाल्या व कांहींवर इंग्रजी शेरे पडले. अशा रीतीनें एकाच रुमालांत मूळ कागद, त्याची नकल व त्यावरील शेरा हीं तीन काळांचीं लेखनें एकत्र सांपडूं शकतात.

१. वाट पोर्तुगीजांची कीं इंग्रजांची?

पोर्तुगीज हिंदुस्थानच्या पश्चिम किनाऱ्यावर १४९८ त आले. मुंबई बेट कंपनीच्या हातीं आलें तें १६६८ त. म्हणजे इंग्रजी बोल या किनाऱ्यावर स्थिर होण्यापूर्वीं दीडशेंहून अधिक वर्षें युरोपीय वस्तूंचीं व हुद्द्यांचीं नांवें पोर्तुगीज मुखांतून येत होतीं. खुद्द 'इंग्रज' हें नांवही इंग्रजांनीं आपणांस दिलेलें नव्हे. पोर्तुगीज लोक त्यांस ज्या नांवानें ओळखीत त्यावरून तें आलें आहे. हॉलंडचे ते वलंदेज व डेन्मार्कचे ते डिंगमार, यांचीही तीच गोष्ट. आज्ञापत्रांत टोपीकरांचीं जीं नांवें आलीं आहेत, त्यांत हीं तिन्ही आहेत. 'फिरंगी' हा शब्द मात्र फारशीच्या वाटेनें आला व मराठी कागदांत बहुधा पोर्तुगीजांपुरता राहिला. एकाच पत्रांत फिरंगी व इंग्रज असे दोन शब्द आले असतां ते एकाच लोकांचे वाचक समजणें चूक होय.

शब्द कोणत्या वाटेनें आला हें ओळखण्याची एक सोपी खूण आहे. पोर्तुगीजांचा 'त' मराठीप्रमाणेंच दंत्य आहे. जीभ दांतांस लागते. इंग्रजी 'टी' या अक्षराचा उच्चार दांतांच्या मागील हिरडीवर होतो. मराठींत तसा वर्ण नसल्यामुळें मराठी कान तो 'ट' म्हणून ऐकतो. सबब पोर्तुगीज शब्दांत त-द व इंग्रजी शब्दांत ट-ड, अशी सामान्य वांटणी झालेली दिसते. 'कपतान' यांत त आहे, तो पोर्तुगीज हुद्द्यावरून आला. 'क्याप्टन' यांत ट आहे, तो इंग्रजाच्या तोंडचा. 'गारदी' यांतील द पोर्तुगीज किंवा फ्रेंच वाटेकडे बोट दाखवितो. इंग्रजी वाटेनें 'गार्ड' झालें. काडतूस, पिस्तूल, तुरुंग, बालदी, फालतू हे शब्द याच वर्गांतले. 'कंपू' शब्दाच्या शेवटचा ऊकारही पोर्तुगीज शब्दांतील अंत्य स्वराचा अवशेष दिसतो. इंग्रजी शब्दांत तो स्वर नाहीं. महादजी शिंद्यांच्या कवायती फौजेचे कंपू सर्वांस ठाऊक आहेतच; त्या फौजेचा सेनापति डी बॉइन हा इंग्रज नसून सॅव्हॉयचा होता, हेंही येथें लक्षांत घ्यावें.

ही खूण अपवादरहित मात्र नाहीं. 'बटाटा' हा पोर्तुगीज वाटेनें येऊनही त्यांत ट झाला. उलट 'मिस्तर' व 'मास्तर' यांत इंग्रजी शब्द असून त राहिला. म्हणून एकाच शब्दावर निर्णय न देतां एका कागदांतील असे सर्व शब्द एकत्र मांडून पाहावे.

२. कान आणि अक्षर

इंग्रजी शब्द ऐकून लिहिला कीं अक्षरें पाहून लिहिला, हा दुसरा प्रश्न. इंग्रज सेनाधिकाऱ्याच्या एका हुद्द्याचें लेखन सी, ओ, एल्, ओ, एन्, ई, एल् असें आहे. परंतु उच्चार 'कर्नल'. हा शब्द इटालियन भाषेंत लकारयुक्त होता, फ्रेंचांत त्याचें रकारयुक्त रूपही झालें. इंग्रजांनीं लेखन एकाचें ठेविलें व उच्चार दुसऱ्याचा. पुरंदरच्या १७७६ च्या तहाकरितां आलेल्या अपटनाचा हुद्दा मराठी लेखकांनीं रकारानेंच लिहिला. त्यावरून लिहिणारानें तो शब्द ऐकला होता, अक्षरें पाहिलीं नव्हतीं, असें म्हणण्याचा मोह होतो. तथापि पोर्तुगीजांच्या भाषेंतही या हुद्द्याचें नांव रकारयुक्तच आहे. तेव्हां या रकारावरून एवढेंच सिद्ध होतें कीं, इंग्रजी अक्षरें पाहून तो शब्द उतरलेला नाहीं. वाट कोणती हें सिद्ध होत नाहीं.

'लाट' व 'लार्ड' या दोन रूपांचें असेंच आहे. दक्षिण इंग्लंडच्या बोलण्यांत व्यंजनापूर्वींचा र अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून लोपत गेला. स्कॉटलंडच्या लोकांच्या तोंडीं तो स्पष्ट राहिला. महाराष्ट्राशीं ज्यांचा निकट संबंध आला ते एल्फिन्स्टन, माल्कम व ग्रँट डफ हे तिघेही स्कॉच होते. म्हणून 'लाट' हें जुनें व 'लार्ड' हें नवें असा कालक्रम लावतां येत नाहीं. दोन्ही रूपें एकाच वेळीं दोन तोंडांतून येऊं शकतात. शिवाय अक्षरें वाचणाराही र लिहीलच.

विशेषनामांत हा प्रकार अधिक मौजेचा दिसतो. जानेवारी १७७९ त कार्ल्याजवळ पडलेला कप्तान स्ट्यूअर्ट हा मराठ्यांच्या स्मरणांत 'इष्टूर फांकडा' म्हणून राहिला. आरंभींच्या जोडाक्षरापूर्वीं इकार घालण्याची संवय हिंदुस्थानी व फारशी बोलणारांची आहे. अस्सल मराठी ग्रामीण तोंड स गाळून 'ठेसन' असें म्हणतें. त्यावरून हें नांव पलटणींतील हिंदुस्थानी शिपायांच्या द्वारें पसरलें असावें, असें अनुमान निघतें. शत्रूच्या शौर्याचें कौतुक ज्या नांवानें झालें, तें नांव कोणीं पत्रांत वाचून घेतलें नव्हतें, तर रणांगणावरच्या बोलण्यांतून घेतलें होतें, हें त्याच्या रूपावरून कळतें. एल्फिन्स्टनाचा 'अल्पिष्टन' झाला त्यांतही ट मूर्धन्य आहे, व त्याच्या संसर्गानें सचा ष झाला आहे. 'कंपनी'ची 'कुंपणी' करणाऱ्यांच्या कानांत तर आपल्या शेताचें कुंपणच वाजत असलें पाहिजे.

३. मोडीची मर्यादा

येथें एक सावधगिरीची सूचना करणें अवश्य आहे. मोडी लेखनांत ऱ्हस्वदीर्घाचा भेद सामान्यतः पाळीत नाहींत, अनुस्वार वारंवार गळतो, व शब्द तोडून लिहीत नाहींत. राजवाड्यांचीं साधनें, खऱ्यांचा लेखसंग्रह किंवा सरदेसायांनीं १९३० नंतर प्रसिद्ध केलेले पेशवे दप्तराचे ४५ भाग यांत आपण बाळबोध वाचतों. त्यांतील ऱ्हस्वदीर्घ, विरामचिन्हें व शब्दांची तोड हीं संपादकाच्या लेखणीचीं असतात. म्हणून छापील पुस्तकांत एखादें इंग्रज नांव ऱ्हस्व आहे कीं दीर्घ, यावर कांहींही उभारूं नये.

पेशवाईच्या मोडींत अर्धचंद्राचें चिन्हही नाहीं. इंग्रजी स्वराकरितां जुने लेखक 'क्याप्टन', 'ब्यांक' असा यकार योजीत. जुन्या म्हणून आलेल्या मोडी कागदांत अर्धचंद्र आढळला तर तो कागद उत्तरकालीन नकल आहे, असें समजण्यास हरकत नाहीं. पूर्णविराम व स्वल्पविराम यांचेंही तसेंच. हीं चिन्हें इंग्रजी अमदानींत मराठींत रूढ झालीं, व त्या कामीं मेजर कँडी यांचा वांटा मोठा आहे.

४. 'तू' नाहीं अशी भाषा

शब्दरूपाइतकीच व्याकरणाची एक गोष्ट इतिहासाच्या अर्थावर परिणाम करिते. मराठींत तूं, तुम्ही व आपण अशा पायऱ्या आहेत. इंग्रजींत एकेकाळीं एकवचनी निराळें सर्वनाम होतें. तें प्रार्थनेंत, क्वेकर पंथाच्या लोकांत व उत्तरेकडील परगण्यांच्या बोलींत उरलें, आणि शिष्ट व्यवहारांत राजापासून मोतद्दारापर्यंत सर्वांस एकच सर्वनाम लागूं झालें. तेव्हां इंग्रजाच्या पत्राचा मराठी तर्जुमा करणाऱ्यास 'तुम्ही' लिहावें कीं 'आपण' लिहावें, हें स्वतःच ठरवावें लागे. कित्येक पत्रें आधीं फारशींत जात व मग मराठींत उतरत. त्यामुळें मूळ बोलण्यांत व हातच्या कागदांत दोन मुनशी उभे राहत. १७८६ पासून १७९७ पर्यंत पुण्यास असलेल्या मालेटच्या किंवा दुसऱ्या एखाद्या वकिलाच्या तर्जुमांत 'तुम्ही' दिसलें म्हणून इंग्रज उद्धट झाला होता, आणि 'आपण' दिसलें म्हणून नरमला होता, असें लिहिणें निराधार होय. तो मान किंवा अपमान मुनशीचा असूं शकतो. मूळ इंग्रजी मसुदा मिळेल तर तोच पाहावा.

५. उलट बाजू : इंग्रजांच्या लेखणींतील नाशिक

आतां मराठी नांव इंग्रजांनीं कसें लिहिलें तें पाहूं. कारण सनदांच्या पाठीवरील शेऱ्यांचा काळ त्यावरून कळतो. पांडवलेण्यांतील प्राचीन लेखांत या नगराचें नांव सकारानें, 'नासिक' असें आहे. इकारापूर्वीं स आला कीं त्याचा श करणें ही मराठीची जुनी संवय. तिच्यामुळें लोकांच्या तोंडीं 'नाशिक' झालें. इंग्रजांच्या आरंभींच्या कागदांत मात्र एन्, ए, एस्, एस्, यू, सी, के असें लेखन आढळतें. तें केवळ अज्ञानाचें द्योतक नाहीं. इंग्रजींत दोन स्वरांमधील एकट्या एस्चा उच्चार झकारासारखा होण्याचा संभव असतो. तो टाळण्यास एस् दुहेरी करितात. 'कट्', 'बट्' या इंग्रजी शब्दांत यू या अक्षराचा उच्चार अकाराजवळचा असल्यामुळें अकारसदृश स्वरास यू योजीत; त्र्यंबकच्या अखेरीसही तोच यू लिहीत. मालेगांवच्या शेवटीं एम् येई, तो गांवांतील अनुनासिकाकरितां. पोर्तुगीज लेखनांतही अंत्य एम् अनुनासिकच दर्शवितो.

सर विल्यम जोन्स यांनीं १७८८ त पौर्वात्य शब्दांस रोमन अक्षरांत लिहिण्याची नियमबद्ध पद्धति मांडली; परंतु कचेऱ्यांनीं बराच काळ कानाचाच मार्ग धरिला. हंटर यांच्या खटपटीनें १८७० नंतर सरकारी लेखनांस शिस्त आली, व १८८३ च्या मुंबई गॅझेटियरच्या सोळाव्या भागावर एकेरी एस्चें, आय् असलेलें नांव छापलें गेलें. अलीकडे एस्पुढें एच् येऊन इंग्रजी लेखन लोकांच्या उच्चाराशीं जुळलें आहे. त्र्यंबकेश्वराचा जो हिरा १८१८ च्या युद्धांत इंग्रजांच्या हातीं पडला, त्याच्या नांवांत मात्र तें जुनें दुहेरी एस्चें लेखन अद्याप टिकून आहे. हिरा परत आला नाहीं, व त्याच्या नांवांतील नाशिकही परत नाशिक झालें नाहीं.

६. निष्कर्ष

समजा, रघुनाथरावांच्या आनंदवल्लीच्या मुक्कामींचें म्हणून एक पत्र मिळालें व त्यांत 'क्याप्टन' हा शब्द आला. त्या काळच्या लेखकाकडून 'कपतान' या रूपाची अपेक्षा अधिक. म्हणून संशय योग्य आहे. परंतु एवढ्यावरून तें पत्र बनावट ठरत नाहीं. इनामचौकशीच्या दिवसांत नकल करणाऱ्या कारकुनानें आपल्या कानाच्या संवयीनें जुना शब्द सहज बदलला असेल. मजकूर तरीही अस्सल असूं शकेल. शब्दाचें रूप हातांतील प्रतीच्या लेखणीचा काळ सुचवितें. मजकुराचा काळ सांगण्यास तें एकटें समर्थ नाहीं. हा भेद न पाळल्यास नकल म्हणून ठेवण्याजोगा कागद बनावट म्हणून टाकला जाईल, आणि एकदां रद्दींत गेलेला कागद पुन्हां हातीं येत नाहीं.

यास्तव संग्राहकांस विनंती अशी कीं, कागदाची नकल उतरतांना इंग्रज नांवें व हुद्दे शुद्ध करूं नयेत. जसें अक्षर असेल तसें उतरावें, आणि पाठीवरील इंग्रजी शेऱ्याचें लेखनही अक्षरशः टिपून ठेवावें. 'इष्टूर'चा स्ट्यूअर्ट केला म्हणजे नांव बरोबर होतें. पण तें नांव कोणत्या तोंडांतून आलें, याचा कागदावर उरलेला एकुलता साक्षीदार त्याच क्षणीं गप्प होतो.