करायचे, चालू, झाले!

घरात लग्नकार्य निघाले की काय होते, ते वाचकांना सांगायला नको. पहिल्या दिवशी याद्या होतात, कामे वाटली जातात, आणि तिसऱ्या दिवशी जो तो दुसऱ्याला विचारू लागतो, "वाजंत्रीवाल्याला कोण सांगणार होते?" राबत सगळेच असतात, काम कुठवर आले हे मात्र कोणालाच ठाऊक नसते!

या दुखण्यावर संगणकवाल्यांनी एक सोपे औषध काढले आहे. त्याचा गुण मी आमच्या नंदुरबारात पाहिला.

औषधाचे मूळ जपानात आहे. टोयोटाच्या कारखान्यात ताइइची ओनो या अभियंत्याने सुट्या भागांबरोबर चिठ्ठ्या फिरवण्याची पद्धत रूढ केली. चिठ्ठी आली तरच नवा माल करायचा. उगाच ढीग लावायचा नाही. या चिठ्ठीला तिकडे 'कानबान' म्हणतात. पुढे फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेत स्नोबर्ड येथे सतरा संगणकतज्ज्ञ जमले व त्यांनी 'अजाइल', म्हणजे चपळ, कार्यपद्धतीचा जाहीरनामा लिहिला. त्याचे सार असे : थोडे करा, गिऱ्हाइकाला दाखवा, त्याचे ऐकून पुढचे करा. २०११ साली आलेल्या 'ट्रेलो'सारख्या साधनांनी अशा चिठ्ठ्या घरोघरच्या पडद्यावर आणल्या.

नंदुरबार मिरचीसाठी प्रसिद्ध. हंगामात ओली लाल मिरची पथारीवर वाळते, वजनाने घटते. हिशेब मात्र वाढत जातो! बँकेतून निवृत्त झाल्यावर, हा हिशेब संगणकावर आणणाऱ्या पाच तरुणांत मी सल्ल्यापुरता बसू लागलो. त्यांच्या पडद्यावर तीनच रकाने होते : करायचे, चालू, झाले. प्रत्येक कामाची एक चिठ्ठी आणि चिठ्ठीवर एकच नाव. रोज सकाळी दहा मिनिटे उभ्या उभ्या बोलायचे : काल काय झाले, आज काय करणार, कुठे अडले.

एका सकाळी 'चालू'मध्ये अकरा चिठ्ठ्या दिसल्या. त्यांतल्या सात एकाच मुलीच्या नावावर! मुलगी धडगावकडची, अबोल. "बोलली का नाहीस गं?" मी विचारले.

"काका, कोणी विचारलंच नाही," ती म्हणाली.

त्याच दिवशी नियम ठरला : 'चालू'मध्ये कोणाच्याही दोनांहून अधिक चिठ्ठ्या नकोत. चार चिठ्ठ्या इतरांनी उचलल्या, एक 'करायचे'त परत गेली. हंगामापूर्वी तोलाई-हमालीचा भाग तयार झाला, बाकीचा मागाहून. ती मुलगी नोकरी सोडण्याच्या विचारात होती, हे आम्हाला पुष्कळ दिवसांनी कळले.

थोडे थोडे करत पुढे जाण्याचे मोल या जिल्ह्याने मोठ्या संकटातही पाहिले आहे. २०२० मध्ये कोरोनाची साथ आली तेव्हा येथे प्राणवायूचा एकही प्रकल्प नव्हता. जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारूड यांच्या पुढाकाराने सप्टेंबर २०२० मध्ये पहिला उभा राहिला; साथ ओसरल्यासारखी वाटली तरी काम थांबले नाही आणि पुढचेही उभे राहिले. प्राणवायू वाया जाऊ नये म्हणून त्यावर लक्ष ठेवणाऱ्या परिचारिका नेमल्या गेल्या. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत मोठमोठी शहरे प्राणवायूसाठी तळमळत असताना त्याचे मोल कळले. तेथे असल्या चिठ्ठ्या होत्या असे माझे म्हणणे नाही. पण वृत्ती तीच.

मात्र एक सांगून ठेवतो. चिठ्ठी हलवली म्हणजे काम झाले असे नव्हे! आणि रकाने तीनाचे तेरा झाले, तर चिठ्ठ्या सांभाळणे हेच एक काम होऊन बसते. हा फलक पहारेकरी म्हणूनही वापरू नये, "किती केलेस?" यापेक्षा "कुठे अडलीस?" हा प्रश्न अधिक कामाचा.

संगणक नसला तरी भिंतीवर तीन रेघा ओढता येतात. पुढच्या दिवाळीच्या फराळाला करून पाहा. चकलीपासून आकाशकंदिलापर्यंत सगळ्या चिठ्ठ्या लावा, आणि त्यांतल्या किती एकट्या गृहिणीच्या नावावर निघतात, तेवढे घरातल्या सर्वांनी मिळून मोजा!