विडालिया आणि टोरचे दर्शनी रूप

इंटरनेटवर कोण कोणाशी संपर्क साधत आहे हे तिऱ्हाइताला कळू नये, यासाठी उभारलेल्या टोर या प्रणालीचे मूळ अमेरिकेच्या नौदल संशोधन प्रयोगशाळेत १९९० च्या दशकात झालेल्या कामात आहे. वापरकर्त्याचा संदेश कूटबद्ध आवरणांच्या थरांत गुंडाळून सहसा तीन ‘रिले’मधून, म्हणजे स्वयंसेवकांनी जगभर चालवलेल्या मधल्या संगणकांमधून, पाठवला जातो, आणि प्रत्येक रिले एकच आवरण उघडत असल्याने पाठवणारा व अंतिम ठिकाण ही दोन्ही टोके त्यांपैकी कोणा एकालाच ठाऊक होत नाहीत. या प्रणालीचा गाभा असलेल्या प्रोग्रामला मात्र स्वतःची खिडकी नव्हती. तो पडद्यामागे चालत असे, आणि त्याच्याकडून काही वेगळे करून घ्यायचे तर एका साध्या मजकूर-फाइलमध्ये आज्ञांच्या ओळी लिहाव्या लागत.

ही निव्वळ गैरसोय नव्हती. टोरचे रचनाकार रॉजर डिंगलडाइन आणि निक मॅथ्यूसन यांनी २००६ मधील एका निबंधात दाखवून दिले की अनामिकता एकट्याने मिळवता येत नाही: माणूस लपतो तो तीच प्रणाली वापरणाऱ्या इतरांमध्ये, त्यामुळे ती अवघड असल्याने सामान्य लोक दूर राहिले तर ती सफाईने वापरू शकणाऱ्या तज्ज्ञांचाही आडोसा विरळ होतो. यातून निघणारी दुसरी गोष्ट अधिक अडचणीची आहे. वापरकर्त्याला जितके पर्याय द्यावेत तितकी प्रत्येकाची मांडणी वेगळी होते, आणि वेगळ्या मांडणीचा माणूस ओळखू येतो. म्हणजे अन्य सॉफ्टवेअरमध्ये जी मोकळीक गुण ठरते, ती येथे जोखीम ठरू शकते.

मॅट एडमन आणि जस्टिन हिपल यांनी विकसित केलेला विडालिया हा प्रोग्राम या ताणाच्या मधोमध उभा होता. अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात पिकणाऱ्या गोड कांद्याचे नाव मिळालेला हा इंटरफेस विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींवर चालावा म्हणून क्यूटी या साधनसंचावर बांधलेला होता. टोर चालू किंवा बंद करणे, सद्यस्थिती कांद्याच्या चिन्हाच्या रंगावरून दाखवणे आणि ‘नवी ओळख’ घेणे, म्हणजे पुढच्या जोडण्यांसाठी नवे मार्ग आखायला लावणे, ही त्याची रोजची कामे होती. जगाच्या नकाशावर रिले आणि त्यांना जोडणाऱ्या रेषा दाखवणारी खिडकी ही त्यातली सर्वांत देखणी सोय. दैनंदिन वापरात तिची गरज क्वचितच पडे, पण आपला संदेश कोणकोणत्या देशांतून फिरून जातो हे ती ज्या सहजतेने समजावत असे, ते लिखित माहितीपुस्तिकेला साधणे कठीण होते. स्वतःचा संगणक रिले म्हणून देण्याची सोयही त्याच खिडक्यांमधून मिळत असे, आणि तिचे महत्त्व पुढे ती नाहीशी झाल्यावरच नीट लक्षात आले.

विडालिया टोरला ‘कंट्रोल पोर्ट’मधून आज्ञा देई, म्हणजे एकाच संगणकावरच्या दोन प्रोग्रामांनी परस्परांशी बोलण्यासाठी राखलेल्या, बहुधा ९०५१ क्रमांकाच्या, दारातून. हे दार पुरेसे बंद नसेल तर एखादे दुष्ट हेतूचे संकेतस्थळ वापरकर्त्याच्याच ब्राउझरकरवी त्यात आज्ञा सरकवून टोरची मांडणी बदलू शकते, हे २००७ मध्ये उघड झाले आणि टोरची तातडीची दुरुस्त आवृत्ती काढावी लागली. विडालिया प्रत्येक वेळी नवा यादृच्छिक पासवर्ड तयार करून टोरला सुरू करी, हा त्यावरचा योग्यच उपाय होता. पण विडालिया मध्येच कोसळून टोर मागे चालू राहिला, तर पुन्हा उघडलेला विडालिया वापरकर्त्याकडे असा पासवर्ड मागे, जो त्याने कधी ठरवलेला नव्हता आणि पाहिलेलाही नव्हता. सुरक्षेसाठी केलेली दुरुस्तीच येथे नवख्या माणसाला दारात अडवत होती.

पुढील विकासासाठी आखलेली दिशा ‘प्लगइन’ची होती: मूळ प्रोग्राम आटोपशीर ठेवून जादा कामे स्वतंत्र जोडभागांनी करावीत, म्हणजे रिले चालवणारा आणि केवळ ब्राउझर वापरणारा या दोघांना आपापल्या गरजेपुरताच इंटरफेस दिसावा. ०.३ या प्रायोगिक मालिकेत ते काम सुरूही झाले. कल्पना चांगली होती, परंतु ती चुकीच्या प्रश्नाचे उत्तर होती, कारण बहुसंख्य वापरकर्त्यांना टोरसाठी वेगळी खिडकीच नको होती. त्यांना फक्त ब्राउझर हवा होता.

डिसेंबर २०१३ मध्ये आलेल्या टोर ब्राउझरच्या ३.५ आवृत्तीतून विडालिया वगळला गेला आणि त्याच्या जागी टोर लाँचर हा ब्राउझरच्या आतच चालणारा छोटा जोडभाग आला. २०२१ पासून तर जोडणीचा टप्पाही ब्राउझरच्या नेहमीच्या पानासारखाच दिसू लागला. पुढच्या वर्षी ११.५ या आवृत्तीने, जेथे टोर अडवले जाते तेथे वापरकर्त्याच्या ठिकाणानुसार योग्य ‘ब्रिज’, म्हणजे सार्वजनिक यादीत नसलेला रिले, स्वतःहून निवडण्याची सोय दिली; पूर्वी हीच माहिती मिळवून वापरकर्त्याला विडालियाच्या रकान्यात हाताने भरावी लागे.

रिले चालवणाऱ्यांच्या वाट्याला मात्र या सुटसुटीतपणातून काही आले नाही. विडालियात काही खुणा करून आपला संगणक जाळ्याला देऊ शकणाऱ्या गृहस्थाला आता पुन्हा मजकूर-फाइल उघडावी लागते, आणि आपल्या रिलेवर नजर ठेवायची तर निक्ससारखे, टर्मिनलच्या काळ्या पडद्यावर चालणारे साधन शिकून घ्यावे लागते.