कार्पेट ॲनिमोनचं घर : आधी पाणी, मग प्राणी

भंडारा म्हणजे तलावांचा जिल्हा. मालगुजारी तलाव आहेत, वैनगंगा आहे. पाणी आपल्याकडे आहे, पण सगळं गोडं. समुद्र शेकडो किलोमीटर लांब. आता समजा, इथे बसून समुद्रातला एक प्राणी काचेच्या टाकीत वर्षानुवर्षं जगवायचाय. काय काय लागेल?

रिसर्च प्रपोजल लिहायला शिकणाऱ्यांसाठी हा प्रश्न फार चांगला आहे. कारण इथे फुकट काहीच मिळत नाही. प्रत्येक गोष्ट आपणच तयार करायची, मोजायची आणि टिकवायची.

नाव एक, प्राणी तीन

कार्पेट ॲनिमोन हे समुद्रफूल. दिसायला फुलासारखं, पण आहे प्राणी; प्रवाळ आणि जेलीफिशच्याच निडारिया संघातला. सपाट तबकडीवर आखूड, चिकट स्पर्शकं आणि त्यांत दंशपेशी. क्लाउनफिश यातच राहतो.

पण बाजारात 'कार्पेट' म्हणून जे मिळतं, त्यात स्टिकोडॅक्टिला वंशाच्या तीन जाती येतात. हॅडोनाय वाळूत राहतो : धड वाळूत गाडलेलं, पाय खालच्या दगडाला चिकटलेला, त्रास झाला की आत ओढून घेतो. जायगँटिया उथळ, भरपूर उजेडाच्या आणि खेळत्या पाण्याचा. मर्टेन्साय प्रवाळखडकाच्या कपारीत पाय रोवतो आणि एक मीटरपेक्षाही रुंद होऊ शकतो. म्हणजे 'कार्पेटला कसं घर लागतं?' हा प्रश्नच अपुरा आहे. आधी जात ठरवा. प्रपोजलमध्ये संज्ञेची व्याख्या पहिल्यांदा का मागतात, ते इथे कळतं.

आपण हॅडोनाय घेऊ. मुंबईच्या किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळी तो दिसल्याच्या नोंदी आहेत. त्याची तबकडी साधारण अर्धा मीटर रुंद होते, क्वचित त्याहून मोठी. त्यामुळे टाकी किमान ३०० लिटरची आणि तळाला १० ते १५ सेंटीमीटर बारीक वाळू.

खारं पाणी बनवणं सोपं, खारं ठेवणं अवघड

समुद्राच्या पाण्यात एका किलोला सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. ३०० लिटरसाठी साधारण साडेदहा किलो मिश्रण लागेल. घरातलं मीठ चालत नाही. कॅल्शियम, मॅग्नेशियम वगैरे योग्य प्रमाणात असलेलं रीफ सॉल्टच हवं आणि ते आरओ-डीआय पाण्यात विरघळवायचं.

आता एक हिशोब करा. टाकीतलं १५ लिटर पाणी उडून गेलं. वाफ होते ती पाण्याची, क्षार मागेच राहतात. म्हणून ३५ × ३०० ÷ २८५ = ३६.८. म्हणजे कोणी काही न करता क्षारता वाढली. भर घालायची ती रोज, थोडी थोडी आणि गोड्या पाण्याची. खाऱ्या पाण्याची नाही. रिफ्रॅक्टोमीटरही ३५ च्या प्रमाण द्रावणावर कॅलिब्रेट करून घ्या, नाहीतर चुकीचा आकडा तुम्ही रोज इमानदारीने लिहीत बसाल.

न दिसणारा धोका

खाल्लेल्या अन्नातून अमोनिया तयार होतो. त्याचं विषारी रूप किती, हे पीएचवर ठरतं. २५ अंशांना पीएच ७ असेल तर एकूण अमोनियाच्या सुमारे अर्धा टक्का, पीएच ८.२ असेल तर सात-आठ टक्के. समुद्री टाकीचा पीएच ८.१ ते ८.४ च ठेवावा लागतो, म्हणून गोड्या पाण्यात खपून जाणारा अमोनिया इथे जीवघेणा ठरतो.

त्यावर उपाय म्हणजे बॅक्टेरिया. एक गट अमोनियाचं नायट्राइट करतो, दुसरा नायट्राइटचं नायट्रेट. हे गट दगडांवर आणि वाळूत स्थिरावायला वेळ लागतो. म्हणूनच अनुभवी लोक म्हणतात, टाकी किमान सहा महिने जुनी हवी.

उजेड आणि प्रवाह

ॲनिमोनच्या पेशींत झूझँथेली नावाचे सूक्ष्म शैवाल राहतात. ते प्रकाशसंश्लेषण करतात आणि बरीचशी साखर यजमानाला देतात. म्हणून उजेड तीव्र हवा, पण नव्या प्राण्याला तो हळूहळू वाढवत द्यायचा. दुकानातला पांढराशुभ्र ॲनिमोन सुंदर दिसतो खरा, पण बहुतेक वेळा तो शैवाल गमावलेला, उपाशी प्राणी असतो. आठवड्यातून एक-दोनदा कोळंबीचा किंवा मासळीचा छोटा तुकडा पुरतो. प्रवाह मध्यम हवा. आणि पंपांना जाळी हवीच, कारण ॲनिमोन जागा आवडली नाही तर सरकतो आणि पंपात अडकला तर त्याच्या चिंधड्या होतात, वर पाणीही नासतं.

मे महिना

टाकीचं तापमान हवं २४ ते २७ अंश. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो. पाण्यावर पंखा सोडला तर आपल्या घरच्या कूलरसारखंच पाणी थंड होतं. पण ते थंड होतं बाष्पीभवनामुळे, म्हणजे क्षारता वाढते! एक चल सांभाळायला गेलात की दुसरा हलतो. शिवाय पावसाळ्यात हवा दमट झाली की कूलरसारखाच पंखाही निकामी. म्हणून चिलर लागतो, चिलरला वीज लागते आणि वीज जाते. निदान हवेचा पंप तरी बॅटरीवर चालायला हवा, कारण खाऱ्या पाण्यात मुळातच ऑक्सिजन कमी विरघळतो आणि तापलेल्या पाण्यात आणखी कमी.

किती वर्षांची जबाबदारी?

१८२८ मध्ये सर जॉन डॅलियेल यांनी स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरून एक समुद्रफूल आणून काचेच्या बरणीत ठेवलं. लोक त्याला 'ग्रॅनी' म्हणू लागले. डॅलियेल १८५१ मध्ये वारले. ग्रॅनी १८८७ पर्यंत जगली. पुढच्या लोकांनी पाणी बदलत राहायचं काम सोडलं नाही, एवढंच. ती जात वेगळी, थंड पाण्याची आणि झूझँथेली नसलेली, त्यामुळे तिचं वय जसंच्या तसं हॅडोनायला लावता येणार नाही. पण जंगली समुद्रातून उचललेला हा जीव आपल्या एम.एस्सी., पीएच.डी.पेक्षा जास्त काळ जगू शकतो, हे लक्षात ठेवा.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. टाकी आधी प्राण्याशिवाय चालवा. क्षारता, तापमान, पीएच, अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट रोज वहीत लिहा. मर्यादा आधीच ठरवा : अमोनिया आणि नायट्राइट शून्य, क्षारता ३४ ते ३६, तापमान वर दिलंय तेवढं. मधे एक पूर्ण मे महिना जाऊ द्या. आकडे मर्यादेत राहिले तरच ॲनिमोन आणा. नाही राहिले, तर आणू नका. 'इथे हे शक्य नाही' हासुद्धा निष्कर्षच आहे आणि तो एका जिवाची किंमत न मोजता मिळालेला आहे.

अभ्यासासाठी : तुमच्या गावच्या तलावातला एखादा जीव निवडा. त्याला लागणाऱ्या पाच अटी, प्रत्येकीचं मोजण्याचं साधन आणि 'इथे थांबायचं' अशी मर्यादा, असा तीन रकान्यांचा तक्ता करा. मेथडॉलॉजीचं अर्धं प्रकरण तिथेच तयार होईल.