माही-माहीसाठीं आमिष

फ्लॉरिडाच्या दक्षिणेकडील कीज् नांवाच्या बेटांपुढून गल्फ स्ट्रीम हा उष्ण सागरी प्रवाह वाहतो. त्यांत सार्गासम नांवाच्या पिंगट शेवाळाचे लांबच लांब पट्टे तरंगत असतात आणि त्यांच्या सावलींत माही-माही हा मासा वावरतो. नांव हवाई बेटांतलें. 'माही' म्हणजे बलवान. फ्लॉरिडांत त्यास 'डॉल्फिन' असेंहि म्हणतात. परंतु डॉल्फिन नांवाचा सस्तन प्राणी तो निराळा. आपल्या अरबी समुद्रांतहि हा मासा आढळतो.

हा मासा मुख्यतः डोळ्यांनीं शिकार करतो. त्यास फसवावयाचें तें वासापेक्षां चालीनें. ताशीं पांच ते सात सागरी मैल वेगानें जाणाऱ्या नौकेमागें ओढलेला मेलेला मासा जिवंत पोहतो आहे असें भासलें पाहिजे. या कामीं तिकडे बॅलीहू नांवाचा, चोंचीसारखा लांब खालचा जबडा असलेला, वीतभर मासा वापरतात.

गोठविलेला बॅलीहू मिठाच्या थंड पाण्यांत सैल होऊं देतात. गोड्या पाण्याचा स्पर्श टाळतात. मिठांत ठेविलेल्या कैरीच्या फोडींस पाणी सुटतें, हें गृहिणींस सांगावयास नको. तसेंच येथें. मीठ मांसांतील पाणी ओढून घेतें, त्वचा चिवट होते आणि आमिष लवकर फाटत नाहीं. मग पोटावरून अंगठा शेपटीकडे दाबीत नेऊन आंतील घाण काढतात व पाठीचा कणा हळूच वांकवून मोकळा करतात. डोळे फुगून बाहेर आले तर आमिष गिरकी घेतें, म्हणून पुष्कळ जण तेहि आधींच काढून टाकतात.

गळ कल्ल्याखालून घालून पोटांतून बाहेर काढतात आणि चोंच तांब्याच्या बारीक तारेनें दोरीस बांधतात. माझ्या मतें सर्वांत नाजूक जागा हीच. गळ मध्यरेषेपासून तसूभर ढळला कीं आमिष गरगर फिरतें, दोरीस पीळ बसतो आणि माही-माही तिकडे ढुंकूनहि पाहत नाहीं.

तयार आमिषें, थोरलीं निराळीं व धाकटीं निराळीं, उथळ तबकांत ओळीनें निजवितात. प्रत्येकाच्या दोरीचें वेटोळें स्वतंत्र. खालीं बर्फ असतें, पण त्याचें वितळलेलें पाणी आमिषास लागूं देत नाहींत, कारण त्यानें मांस मऊ पडतें.

एवढी टापटीप कशासाठीं? तरुण माही-माही थव्यानें हिंडतात. एक गळास लागला कीं बाकीचे त्याच्या मागोमाग नौकेपर्यंत येतात. जाणता माणूस त्या पहिल्यास वर न घेतां पाण्यांतच राखतो आणि आधीं कापून ठेविलेले माकुलाचे तुकडे थोडे थोडे फेकतो. फार फेकले तर पोट भरलेला मासा गळाकडे वळत नाहीं. त्या वेळीं कोणी सुरी शोधीत किंवा दोरीची गुंतागुंत सोडवीत बसला, तर थवा पाहतां पाहतां शेवाळापलीकडे नाहींसा होतो, आणि पहांटेपासून जाळलेलें इंधन व दिवसाचे श्रम फुकट जातात.

ओढून ओढून मऊ पडलेलें आमिष पुन्हां तबकांत ठेवीत नाहींत. तें कापून फेंकावयाच्या तुकड्यांत मिसळतात.