आयईईई संदर्भशैली

आयईईई संदर्भशैली ही अभियांत्रिकी, संगणकशास्त्र व तंत्रज्ञान या विषयांतील शोधनिबंधांत संदर्भ देण्याची एक प्रमाणित पद्धत आहे. अमेरिकेतील ‘इन्स्टिट्यूट ऑफ इलेक्ट्रिकल अँड इलेक्ट्रॉनिक्स इंजिनियर्स’ म्हणजेच आयईईई (उच्चार : आय-ट्रिपल-ई) या संस्थेच्या नियतकालिकांत ती वापरली जाते. मजकुरात चौकटी कंसातील क्रमांक आणि निबंधाच्या शेवटी त्याच क्रमाने लावलेली संदर्भसूची, हे या शैलीचे मुख्य लक्षण होय. निबंधातील विधानापासून त्याच्या मूळ आधारापर्यंत वाचकाला निश्चितपणे पोहोचता यावे आणि ते विधान पडताळून पाहता यावे, हा तिचा हेतू आहे.

पार्श्वभूमी

१८८४ मध्ये स्थापन झालेली विद्युत अभियंत्यांची संस्था आणि १९१२ मध्ये स्थापन झालेली रेडिओ अभियंत्यांची संस्था यांच्या विलीनीकरणातून १ जानेवारी १९६३ रोजी आयईईई अस्तित्वात आली. तिच्या संदर्भशैलीला ‘शिकागो मॅन्युअल ऑफ स्टाइल’ या १९०६ पासून प्रकाशित होणाऱ्या लेखनसंहितेचा आधार आहे.

संदर्भ देण्याच्या दोन प्रमुख परंपरा आहेत. ‘हार्वर्ड’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या परंपरेत लेखकाचे आडनाव व प्रकाशनवर्ष मजकुरातच दिले जाते. दुसऱ्या परंपरेत केवळ क्रमांक दिला जातो. वैद्यकशास्त्रातील व्हँकूव्हर शैली आणि आयईईई शैली या दुसऱ्या परंपरेतील आहेत. समीकरणे, आकृत्या व चिन्हे यांनी भरलेल्या मजकुरात क्रमांकाने वाक्याचा ओघ तुटत नाही व जागाही वाचते. मात्र केवळ क्रमांकावरून वाचकाला काहीच कळत नसल्यामुळे, सूचीतील नोंद निर्दोष असण्याची जबाबदारी या पद्धतीत अधिक असते.

मजकुरातील क्रमांक

जो संदर्भ मजकुरात प्रथम येतो त्याला [१], त्यानंतरच्या नव्या संदर्भाला [२], असे क्रमांक दिले जातात. तोच संदर्भ पुन्हा आल्यास त्याचा पहिलाच क्रमांक कायम राहतो. त्यामुळे ‘तत्रैव’ किंवा ‘उपरोक्त’ यांसारख्या अर्थाच्या लॅटिन संज्ञा या शैलीत वापरल्या जात नाहीत. कंस विरामचिन्हाच्या आधी येतो. अनेक संदर्भ एकत्र द्यावयाचे असल्यास प्रत्येक क्रमांकाला स्वतंत्र कंस असतो. उदाहरणार्थ, [१], [३]. एका क्रमांकाखाली एकच साधन नोंदवले जाते. विशिष्ट पृष्ठ, प्रकरण किंवा समीकरण दाखवावयाचे असल्यास ते कंसातच लिहिले जाते, जसे, [३, पृ. २५].

संदर्भसूचीतील नोंद

संदर्भसूची वर्णानुक्रमे नसून क्रमांकानुसार असते. नियतकालिकातील लेखाच्या नोंदीत लेखक, लेखाचे शीर्षक, नियतकालिकाचे संक्षिप्त नाव, खंड, अंक, पृष्ठे, महिना व वर्ष हे घटक याच क्रमाने येतात. लेखकाची आद्याक्षरे आधी व आडनाव नंतर लिहितात. लेखक सहापेक्षा अधिक असल्यास पहिल्या नावापुढे ‘आणि इतर’ या अर्थाची ‘एट अल.’ ही संज्ञा येते. लेखाचे शीर्षक अवतरणचिन्हांत, तर नियतकालिकाचे व ग्रंथाचे नाव तिरप्या अक्षरांत असते. त्यामुळे कोणते नाव लेखाचे आणि कोणते तो लेख सामावणाऱ्या प्रकाशनाचे, हे पाहताक्षणी कळते.

क्लॉड शॅनन यांच्या माहिती सिद्धान्तावरील निबंधाची नोंद देवनागरीत लिप्यंतरित केल्यास पुढीलप्रमाणे दिसेल :

[१] सी. ई. शॅनन, “अ मॅथेमॅटिकल थिअरी ऑफ कम्युनिकेशन,” बेल सिस्ट. टेक. ज., खं. २७, क्र. ३, पृ. ३७९–४२३, जुलै १९४८.

या नोंदीतील प्रत्येक तपशिलाला महत्त्व आहे. हा निबंध दोन भागांत प्रसिद्ध झाला. दुसरा भाग ऑक्टोबर १९४८ च्या अंकात, पृष्ठे ६२३ ते ६५६ वर आहे. १९४९ मध्ये तो वॉरन वीव्हर यांच्या लेखनासह ग्रंथरूपाने आला, तेव्हा शीर्षकातील ‘अ’ जाऊन ‘द’ आले. साहजिकच ग्रंथातील पृष्ठांक वेगळे आहेत. अंक, पृष्ठे व वर्ष अचूक दिले नाहीत, तर लेखकाने नेमके कोणते साधन पाहिले हे वाचकाला कळू शकत नाही.

ग्रंथाच्या नोंदीत आवृत्ती, प्रकाशनस्थळ व प्रकाशक, परिषदेतील निबंधाच्या नोंदीत परिषदेचे नाव, आणि संकेतस्थळाच्या नोंदीत पत्ता व तो पाहिल्याचा दिनांक दिला जातो. डिजिटल लेखांना बहुधा ‘डीओआय’ हा कायमस्वरूपी ओळखक्रमांक असतो. संकेतस्थळाचा पत्ता बदलला तरी हा क्रमांक बदलत नाही.

मराठी नावे व मराठी साधने

महाराष्ट्रात स्वतःचे नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव आणि आडनाव असे तीन घटक रूढ आहेत. अनेक कागदपत्रांत आडनाव आधी लिहितात. संगणकीय प्रणाली शेवटचा शब्द आडनाव मानत असल्यास वडिलांचे नावच आडनाव म्हणून नोंदले जाते आणि एकाच संशोधकाचे कार्य दोन नावांत विभागले जाते. म्हणून सर्व निबंधांत नावाचे एकच रूप वापरणे इष्ट असते. ऑक्टोबर २०१२ पासून उपलब्ध असलेला ‘ऑर्किड’ हा सोळा अंकी ओळखक्रमांकही यासाठी उपयोगी पडतो. इंग्रजी निबंधात मराठी लेखाचा संदर्भ देताना शीर्षकाचे इंग्रजी भाषांतर देऊन मूळ भाषा मराठी असल्याचे नोंदवतात.

चुका व त्यांचे परिणाम

मूळ लेख न पाहता दुसऱ्याच्या सूचीतून नोंद उतरवल्यास तिच्यातील चूकही पुढे जाते. सिमकिन व रॉयचौधुरी या संशोधकांनी २००३ मध्ये अशा पुनरावृत्त चुकांच्या गणिती अभ्यासावरून, संदर्भ देणाऱ्यांपैकी केवळ सुमारे २० टक्के लोक मूळ लेख वाचतात, असा अंदाज मांडला. एल्सेव्हिअर या प्रकाशनसंस्थेने लेखकांसाठीच्या मार्गदर्शिकेत नमुना म्हणून दिलेल्या एका काल्पनिक लेखाची नोंदही शेकडो निबंधांच्या सूचीत तशीच राहून गेली होती. ती नोंद रचनेच्या दृष्टीने निर्दोष होती. केवळ तो लेख अस्तित्वात नव्हता. कृत्रिम बुद्धिमत्तेवर आधारित साधनेही अशाच सुबक, परंतु अस्तित्वहीन नोंदी तयार करू शकतात.

संगणकीय साधने

लाटेक्समधील बिबटेक, तसेच झोटेरो, मेंडेली व एंडनोट ही साधने नोंदींची मांडणी आपोआप करतात. मूळ माहिती सदोष असल्यास मात्र त्यांची सूचीही सदोषच होते. लेखाच्या शीर्षकात पहिला शब्द व विशेषनामे वगळता इतर शब्द इंग्रजी लहान अक्षराने सुरू होतात. बिबटेक हा बदल आपोआप करत असल्यामुळे विशेषनामे महिरपी कंसात ठेवावी लागतात. निबंध पाठवण्यापूर्वी प्रत्येक डीओआय उघडून लेखक, शीर्षक, वर्ष व पृष्ठे मूळ लेखाशी ताडून पाहणे आवश्यक ठरते.